मिलिशावाले आबा

आबा पोस्टात कधी सरळ शिरले नाहीत. आधी दाराबाहेर थांबायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, समोरच्या दुकानाचं छप्पर न्याहाळायचं आणि कुठूनही गोळी येत नाही अशी खात्री पटली की मगच उंबरठा ओलांडायचा. लोणावळ्यात त्या काळी सगळ्यात धोक्याचं काही असेल तर ती बाजारातली माकडं. पण आबांना माकडांची पर्वा नव्हती. आत आले की ते टाचा जुळवायचे. पायात गावच्या वहाणा, त्यामुळे 'खट्' असा आवाज न येता 'फद्' असा यायचा. मग छाती काढून म्हणायचे, "मास्तर, हाजिर!"

मी मास्तर नव्हतो. मी खिडकीमागे बसून तिकिटं विकणारा, मनीऑर्डरी लिहून घेणारा साधा कारकून. हे मी त्यांना चार-पाच वेळा तरी समजावलं असेल. "आज न्हाई तर उद्या व्हाल की," असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला होता. पुढे मी खरोखर पोस्टमास्तर झालो, पण तोवर 'मास्तर' म्हणून हाक मारणारे आबा राहिले नव्हते.

आबा लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचे. विशीत असताना घाटात खेचरं हाकणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर जे गेले, ते थेट वायव्य सरहद्दीवर जाऊन पोहोचले. ठेकेदार वाटेत पटकीनं मेला. खेचरं आणि आबा उरले. खेचरं सरकारने घेतली. ती दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देईनात, म्हणून मग आबांनाही घेतलं. ही काही पलटण नव्हती. डोंगरातल्या चौक्या राखायला साहेबांनी तिथल्याच टोळ्यांतली माणसं गोळा करून उभी केलेली ती मिलिशिया. एके दिवशी चौकीवर हल्ला झाला, भिंतीतल्या बंदुकीच्या भोकाशी बसलेला शिपाई पडला, आणि खेचरांना दाणा घालायला निघालेल्या आबांनी त्याची बंदूक उचलली. दुसऱ्या दिवशी साहेबाने त्यांना नंबर दिला. पुढे अकरा वर्षं ते शिपाई होते. मग एका उन्हाळ्यात ती मिलिशियाच मोडली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कागद देऊन सगळ्यांना घरी धाडलं.

आबा तिला 'मिलिशा' म्हणत. कुरवंड्याने त्याच्या 'मिशा' केल्या. "आबा मिशांच्या पलटणीत व्हते," असं लोक पाहुण्यांना सांगत, आणि आबांच्या ओठांवर खरोखरच दोन्ही बाजूंना विंचवाच्या नांगीसारख्या वळलेल्या मिशा असल्यामुळे पाहुण्यांना ते पटतही असे. पेन्शनचा पहिला अर्ज तलाठ्याने लिहिला, त्यात त्याने सरळ लिहून टाकलं होतं, 'अर्जदार अकरा वर्षे मिशांत नोकरीस होता.' त्या अर्जाचं उत्तर आबांनी मला दाखवलं होतं. कचेरीने लिहिलं होतं की अर्जाचा अर्थबोध होत नाही, सबब परत. हे आबा आमच्या पोस्टात येऊ लागले त्याच्या आधीचं. त्यानंतर त्यांनी असं ठरवलं की सरकारशी बोलायचं तर तार आणि टपाल हाताळणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्यावं, कारण सरकारची भाषा त्याच्याच हाताखालून जाते. असा मी त्यांच्या वाट्याला आलो, किंवा ते माझ्या.

सरहद्द सोडून त्यांना सतरा-अठरा वर्षं झाली होती, पण सरहद्दीने त्यांना सोडलं नव्हतं. विडी ओढताना ते जळतं टोक तळहाताच्या ओंजळीत लपवत. भर दुपारी, स्वतःच्या ओट्यावर बसूनसुद्धा. "दुश्मनाला ठिणगी दिसाया न्हाई पायजे," म्हणत. आपल्या नाचणीच्या तुकड्याला सगळं गाव काटेरी कुंपण घालतं, आबांनी मात्र दगडाची छातीएवढी भिंत रचली होती आणि तिला बंदुकीची नळी बाहेर काढण्याइतकी भोकं ठेवली होती. बंदूक नव्हतीच. रानडुकरं यायची ती भिंतीला वळसा घालून, शेजारच्याच्या शेतातून. शेजाऱ्याने तक्रार केली तेव्हा आबा त्याला म्हणाले, "तुझी बाजू कमजोर हाय. मी पयलंच सांगितलं व्हतं."

त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. बर्फाने खाल्ली, असं ते सांगत. पण बर्फ म्हणजे काय हे कुरवंड्यात कुणाला ठाऊक? पावसाचं म्हणाल तर आमच्या ह्या मुलखाला शिकवणारा कोणी जन्माला यायचाय. पण आवाज न करता पडणारा, पांढरा, आणि पडून वाहून न जाणारा पाऊस ही गोष्ट कुणी ऐकूनच घेईना. "पिंजल्याला कापूस बगितलाय का? तसा. पन त्यो कापूस पाय धरतो," असं आबा सांगत, आणि ओट्यावरची माणसं एकमेकांकडे बघून सुपारी कातरत. त्यांच्यातला एक तर म्हणायचा की बोटं कुऱ्हाडीनं गेली असणार, बर्फाचं उगाच नाव.

त्यांची बायको ह्या सगळ्याला पुरून उरलेली होती. गाव तिला मावशी म्हणे. मी कधी कुरवंड्याला गेलो की ती ताकाचा तांब्या पुढे करून विचारायची, "काय म्हनती माजी सवत?" सवत म्हणजे पेन्शन. "यनार, यनार म्हनून सतरा वर्सं घर सारवून बसलीया मी. अजून पाय लागंना तिचा." आबा चिडत नसत. "सरकारचं काम हाय. दमानं होतंय," एवढंच म्हणत. मुलगी सोमाटण्याला दिलेली, मुलगा नव्हता. नाचणीचा तो तुकडा, दोन शेळ्या आणि साठीकडे झुकलेले दोन जीव. पेन्शनची गरज त्यांना होतीच. पण आबांचा जीव अडकला होता तो गरजेत नव्हे. ते मला म्हणाले होते, "मास्तर, आमी शिपाय व्हतो का न्हवतो, तेवढं सरकारनं सांगावं. पेन्शन आली म्हंजे मी व्हतो. न्हाई आली तर मग हे बोटांचं काय सांगायचं लोकास्नी?"

आता ज्या गोष्टीवर सगळं अडलं ती सांगतो. आबा मुसलमान होते. मावळातल्या मुसलमानांसारखे, म्हणजे घरात, दारात आणि स्वप्नातही मराठी बोलणारे. गावच्या देवाच्या पालखीपुढे मशाल धरायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि मोहरमात ताबुताला पहिला खांदा पाटलाचा. ह्यात काही विशेष आहे असं त्या गावात कुणाला वाटत नसे. सरहद्दीवर मात्र पंचाईत झाली. तिथले पठाण त्यांना धर्मभाऊ मानायला तयार होते, पण त्यांचं बोलणं ऐकून हसत. नमाज झाला की आबा हात वर करून मागायचे ते मराठीत. "देवा अल्ला, मावळात पाऊस पाड आन् मला घरी न्ये." पठाणांनी त्यांचं नाव 'मरेठा' ठेवलं. मुंबईकडचा म्हणजे मरेठा. भरतीच्या कारकुनाने विचारलं, "कोण?" आबा म्हणाले, "मराठा." तिकडे त्याचा अर्थ मुलूख. कारकुनाने मात्र तो जातीच्या रकान्यात लिहिला. नावही असं की ते दोन्हीकडे चालावं, त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती. आणि घरी परतल्यावर काय झालं? अंगात ढगळ सलवार आणि डोक्याला फेटा बघून कुरवंड्याने त्यांना 'पठाण' म्हणायला सुरुवात केली. "तिकडं मी मराठा, हिकडं पठाण," आबा हसून म्हणायचे. "मधी कुटंतरी माजं गाव ऱ्हायलं."

मी लिहिलेल्या अर्जावर कचेरीचं उत्तर आलं ते ह्यावरच बोट ठेवून. मिलिशियाच्या यादीत त्या नंबराचा शिपाई मराठा आहे, गावकामगारांच्या दाखल्यात अर्जदार मुसलमान आहे, सबब अर्जदार तो शिपाई नव्हे. मी वाचून दाखवलं तेव्हा आबांना आधी कळेचना. मग म्हणाले, "म्हंजे मी माज्याच नावावर तोतया म्हनून आलोय व्हय?" पाटील तेव्हा पोस्टातच होता. तो भला माणूस चटकन म्हणाला, "आबा, मी देतो लिवून तुमी मराठा हाय म्हनून. माजा शिक्का हाय. कोन इचारतंय?" आबा म्हणाले, "मराठा हायेच मी. त्याला शिक्का कशाला? पन मुसलमान न्हाई, असं लिवायचं न्हाई." पाटलाला हे समजलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा नीट समजलं नाही. मी आपला, समक्ष चौकशी व्हावी, अशी विनंती लिहून पाठवून दिली.

आणि कधी नव्हे ते सरकारने ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यात पेन्शनींच्या चौकशीचा एक साहेब हवा खायला लोणावळ्यात आला होता, त्याच्याकडे आबांचं प्रकरण आलं. साहेब गोरा, नोकरी सगळी मद्रासकडे झालेली, त्यामुळे हिंदुस्थानी जेमतेम. त्याचा दुभाषा तापाने आडवा झाला, म्हणून पोस्टातून इंग्रजी येणारा माणूस मागवला. आमच्या पोस्टमास्तरांनी मला पिटाळलं. जाताना बजावलं, "साहेब तिरसट आहे. काही वेडंवाकडं झालं तर मी तुला ओळखत नाही." मला नोकरीला लागून तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

बंगल्याच्या व्हरांड्यात आबांनी आधी साहेबाला पश्तूत काहीतरी दणदणीत ऐकवलं. साहेब दचकला. मग आबा माझ्यामार्फत बोलू लागले आणि मला वाटतं त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दुपार होती. नंबर सांगितला. चौकीचं नाव, तिच्या पाण्याची वाट, कोणत्या साहेबाला दाढदुखी होती, कोणतं खेचर लाथ मारायचं, सगळं सांगितलं. हातातल्या काठीची बंदूक करून ती खोलून, पुसून, जोडून दाखवली. वहाण काढून पाय पुढे केला. साहेबाने खाली वाकून ती नसलेली दोन बोटं पाहिली आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा माणसासारखा झाला. त्याने पेन्सिल उचलली. मला म्हणाला, "हा माणूस खरा आहे, मला शंका नाही. फक्त एवढी एक गोष्ट. विचार त्याला, तो मराठा आहे की मुसलमान?"

मी विचारलं, "आबा, साहेब विचारतात, तुम्ही मराठा की मुसलमान?"

आबा म्हणाले, "व्हय."

आमच्याकडे 'व्हय' म्हणजे 'होय'. पण साहेबाच्या कानावर पडलं ते त्याच्या भाषेतलं 'व्हाय', म्हणजे 'का?' त्याला वाटलं, हा म्हातारा फाडकन इंग्रजीत उलट विचारतोय, तुला कशाला हवंय म्हणून. त्याचा चेहरा मानेपासून लाल होत वर चढत गेला. "का? का म्हणजे काय?" तो ओरडला. "मी विचारतोय म्हणून! सांग त्याला!"

मला सगळं दिसत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, हा 'का' नव्हे, 'होय' आहे. हा माणूस म्हणतोय की तो मराठाही आहे आणि मुसलमानही. आमच्या मुलखात असं असतं. पण साहेबाची पेन्सिल टेबलावर आपटत होती. मला आमचे पोस्टमास्तर आठवले. शिवाय डोक्यात एक शहाणपण शिरलं: यादीत मराठा आहे, इथे मराठा म्हटलं की जमलं, एका शब्दात सतरा वर्षांचं काम होतंय. मी म्हणालो, "तो मराठा आहे म्हणतो, साहेब."

"मग गावकामगाराची चूक आहे," साहेब शांत होत म्हणाला, आणि त्याने लिहिलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबाला सलाम ठोकून ते पायऱ्या उतरले. वाटेत मी त्यांना म्हणालो, "काम झालं, आबा." ते म्हणाले, "साहेबाला पायाचं पटलं." मग फाट्यावरून ते कुरवंड्याकडे वळले.

पावसाळ्यात मंजुरीचा कागद आला. टपालाची थैली मीच उघडली होती, म्हणून मीच तो घेऊन भिजत कुरवंड्याला गेलो. मावशीने ओट्यावर घोंगडी अंथरली, पाटील आला, सुपारी कातरणारेही जमले. मी कागद वाचून दाखवला. नाव, नंबर, हुद्दा शिपाई. 'शिपाई' म्हटल्यावर आबांनी डोळे मिटले. बर्फावर विश्वास न ठेवणारा तो गडी आबांच्या पायाकडे चोरून बघत होता. कागदावर पुढे 'हिंदू मराठा' असं होतं, ते मी गाळलं. "समदं वाचलं?" आबांनी विचारलं. "सगळं," मी म्हणालो. मावशीने मला गूळ दिला आणि म्हणाली, "आली एकदाची रांड घरात!" सगळे हसले. मीही हसलो.

पेन्शन वडगावच्या खजिन्यात घ्यायची होती. आबांनी ट्रंकेतून जुना खाकी कोट काढला. मी रजा टाकून बरोबर गेलो, कारण त्यांना एकटं जाऊ द्यायला मला धीर होत नव्हता. खजिन्यातल्या कारकुनाने चष्मा सावरून कागद हातात घेतला आणि नियमाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. "जात, हिंदू मराठा," तो म्हणाला आणि मान वर करून विचारलं, "हा तूच ना?"

आबा ताठ उभे होते. "न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"त्यो कोन मला ठावं न्हाई. मी मुसलमान हाय. आन् मराठाबी हाय. असा कागद असंल तर द्या."

"असा कागद नसतो," कारकून म्हणाला.

आबांनी टाचा जुळवल्या आणि ते बाहेर आले. माझा तोल गेला. स्टेशनच्या रस्त्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. एवढी वर्षं खेटे घातले, मावशी वाट बघतेय, एक होकार द्यायला काय जात होतं, आणि अंगठा उठवायला जात विचारत नाहीत, असं काय काय बोललो. ते ऐकत चालत राहिले. मग थांबले.

"व्हकार दिला व्हता की, मास्तर. साहेबाम्होरं. तुमी त्यो पोचवला न्हाई."

त्यांनी ओंजळीत विडी पेटवली.

"अकरा वर्सं साहेबाच्या शिव्या खाल्ल्यात मी. मराठा म्हनला का मुसलमान म्हनला, एवढं इंग्रजी मला कळतंय."

"मग तिथेच का बोलला नाहीत, आबा?"

"तितं बोललो असतो तर साहेबानं तुमची नोकरी खाल्ली असती. तुमी पोरसवदा, घाबरला. भोकाशी पयल्या दिशी समदीच घाबरत्यात." ते चालू लागले. "मला वाटलं, घेऊ तसंच. मावशीसाठी घेऊ. पन त्यानं नावासंगं जात पुकारली आन् मला म्हाईत न्हवतं, त्यो कोन पुढं व्हनार."

मला लाज वाटली. तशी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

आठवड्याने ते पोस्टात आले. डावीकडे बघून, उजवीकडे बघून. खिडकीतून एक कोरा कागद त्यांनी आत सारला. "लिवा मास्तर, दुसरा अर्ज. कागदावर चूक झालीया, ती दुरुस करा म्हनून." मी पेन उचललं. चूक कशी झाली हे लिहायलाच हवं होतं, आणि ती कशी झाली हे त्या खोलीत आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. माझा हात थांबला. आबांनी तो थांबलेला बघितला.

"लिवा," ते म्हणाले, "म्हातारपनामुळं माजा आवाज बसलाय. साहेबाला नीट ऐकाया आलं न्हाई."

हे ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

त्या अर्जाला उत्तर आलं की समक्ष चौकशी एकदाच होते. मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली, सरकारला नवे शिपाई मोजायचे होते, आणि आबा लढाईच्या तिसऱ्या वर्षी पेन्शनवाचून गेले. मावशीने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. आबांनी तिला काय सांगितलं होतं, कोण जाणे. पुष्कळ वर्षं मी मनाची समजूत घालत आलो की खरं लिहिलं असतं तरी कचेरीने ऐकलं नसतं. नसतंही ऐकलं. पण त्या सकाळी पेन माझ्या हातात होतं, कागद कोरा होता, आणि आबांनी सांगितलं तेच मी शब्दाला शब्द लिहून काढलं.